दिसेल तेवढंच लिही

खेडीकर मॅडमच्या तोंडून ‘घाबरू नका’ हे शब्द मी नऊ वर्षांत एकदाही ऐकले नाहीत. सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झालेली बाई, पोटावर गार जेल, डोळे छताला लागलेले. अशा वेळी कुठलाही डॉक्टर सवयीनं एवढं तरी बोलतो. मॅडम बोलत नसत. त्या स्क्रीनकडे बघत आणि जे दिसेल ते, ज्या क्रमानं दिसेल त्या क्रमानं, मोठ्यानं सांगत. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ते टाइप करायची. बाईला तिच्या बाळाबद्दल जे कळायचं ते माझ्याबरोबरच कळायचं, आणि मॅडमची पाठ तिच्याकडे असायची.

राज्य तेव्हा नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. भोपाळहून आलेल्या साहेबांची ऑफिसं शंकर नगरातल्या बंगल्यांमध्ये शिरली होती आणि उरलेल्या बंगल्यांवर डॉक्टरांच्या पाट्या लागत होत्या. मॅडमचं सेंटर तिथंच, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मी पुरानी बस्तीतून सायकलनं यायची. आमचं घर रायपुरात कित्येक पिढ्यांचं. घरातलं मराठी निम्मं हिंदी होऊन गेलेलं. मॅडम अकोल्याच्या, नवऱ्याच्या रेल्वेच्या बदलीमुळे इथं आलेल्या. त्यांची वऱ्हाडी मात्र तसूभर हलली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रिपोर्ट परत दिला. त्यांनी सांगितलेल्या एका ओळीत मी माझ्या शहाणपणानं ‘प्रॉबेबली’ घातलं होतं. वाचायला जरा बरं वाटेल म्हणून.

“हे प्रॉबेबली कोणाचं? माहं का तुहं?”

“मॅडम, मला वाटलं...”

“तुले वाटाले तुले ठेवलं नाही. दिसेल तेवढंच लिही.”

बुटक्या, काटकुळ्या बाई. मशीनसाठी एसी सतत चालू, म्हणून मे महिन्यातही अंगात नवऱ्याचा तपकिरी स्वेटर. वर्षानुवर्षं बायांच्या पोटावर प्रोब दाबून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. रस्त्यानं चालताना उजव्या हातात बादली आहे असं वाटायचं. दुपारी सव्वाला खिडकीशी उभ्या राहून वरण-पोळी कुस्करून चमच्यानं खायच्या. “हाताले फोडणीचा वास आला की पोटुशा बाया ओकतात,” म्हणायच्या. रुग्णांची त्यांनी घेतलेली काळजी म्हणाल तर मला ही एवढीच दिसली.

सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. तिल्द्याकडची एक बाई आली होती, सातवा महिना, दोन दिवस बाळ हललं नव्हतं. मॅडमनी प्रोब ठेवला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, “ठोका नाही. पुसा आणि उठा.” बाईला कळलंच नाही. ती उठून, पदर सावरून, “हव” म्हणून उभी राहिली. दारापर्यंत गेली आणि तिथं तिला कळलं.

ती गेल्यावर मी धीर करून म्हटलं, “मॅडम, जरा गोड शब्दांत सांगायला काय होतं?”

“गोड बोललं की तिले वाटन अजून काही होऊ शकते. मग ती दुसरीकडे जाईन, तिसरीकडे जाईन. तीनदा ऐकन. मी एकदाच सांगते.”

उत्तर चुकीचं नव्हतं. पण ती बाई दारात खाली बसली तेव्हा तिला धरायला मॅडम उठल्या नव्हत्या, हेही मी पाहिलं होतं.

संध्याकाळी सहाला त्यांचा एक तास फोनचा असे. ज्या ज्या बाईत त्यांना काही वेगळं दिसलं असेल, तिचं बाळंतपण जिथं झालं तिथं फोन. “मी ओठ फाटका सांगितला होता. काय निघालं?” बरोबर निघालं तरी चेहरा तसाच. चूक निघाली तर ते चित्र पुन्हा काढून रात्रीच्या जेवणापर्यंत बघत बसायच्या. चूक फार क्वचित निघे.

त्यांचा खरा ध्यास होता कातडीच्या आजारांचा. घराण्यातून येणारे, लाखात एखाद्याला होणारे. जन्मायच्या आधी ते सोनोग्राफीत ओळखता येत नाहीत असं रायपुरातले बाकीचे डॉक्टर म्हणत. मॅडम म्हणत, “कातडी दिसत नाही. कातडीनं काय केलं ते दिसते.” कातडी जाड होऊन आक्रसली की ओठ ताणून तोंड उघडं राहतं, पापण्या बाहेर उलटतात, बोटं मुठीत आवळली जातात, पाण्यात खवल्यांसारखे कण तरंगतात. परदेशातून मागवलेल्या एका जाड पुस्तकातली अशा बाळांची चित्रं त्या जेवतानाही बघायच्या. मला त्यावर कागद ठेवावा लागे.

पण जे दिसत नाही ते दिसतं म्हणायला त्या कधी तयार नव्हत्या. धमतरीकडून एक बाई चार वर्षांच्या मुलीला कापसात गुंडाळल्यासारखी घेऊन आली होती. हात लागला तिथं फोड येणारा आजार. पोरीच्या कोपरावरची पट्टी ओली होती. पोटात दुसरं होतं.

“यालाही आहे का बघा, दीदी.”

“हा आजार मशीनमध्ये दिसत नाही. कोणी दिसते म्हणालं तर तो खोटं बोलून राहिला.”

“तरी बघा ना. एकदा.”

मॅडमनी हात लांब करून मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. बाई पोरीला उचलायला वाकली, आणि कुठं धरावं हे न कळून तशीच थांबली. मॅडम पुढच्या बाईची चिठ्ठी वाचत होत्या.

सुनंदा आली ती यानंतर साधारण वर्षानं.

ती गोंदियाकडची, अभनपूरला आत्याच्या मुलाला दिलेली. नवरा देवीदास, त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. सोबत सासू, म्हणजेच आत्या. पहिलं बाळ आठव्या महिन्यात झालं होतं आणि दोन दिवस जगलं होतं. अंगभर जाड पांढुरक्या ढलप्या, त्यांच्यात लाल भेगा, डोळ्यांच्या जागी उलटलेल्या पापण्या. सुनंदाला ते दाखवलं नव्हतं. सासूनं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती बोलताना सुनंदाच्या तोंडाकडे बघत नव्हती. आता सुनंदाला पुन्हा दिवस होते. एकोणिसावा आठवडा.

मॅडमनी जुने कागद वाचले. “नात्यातलं लग्न?”

“हव,” सासू म्हणाली, “माह्या सख्ख्या भावाची पोरगी.”

“मग हे तुमच्याच घराण्यातून आलं. दोष दोघांच्याही अंगात लपलेला, म्हणून पोरात उघडा पडला. दर खेपेले चारातून एकदा असंच निघू शकते.”

“म्हणजे मी केलं काय हे?”

“लग्न कोणी जमवलं?”

उत्तराची वाट न बघता मॅडम वळून बसल्या.

त्या दिवशी त्यांनी पाऊण तास बघितलं. बाळ हलावं म्हणून सुनंदाला साखरपाणी पाजलं, जिन्यावर दोनदा चढ-उतर करायला लावली, पुन्हा झोपवलं. मी टाइप करत होते: दोन्ही मुठी मिटलेल्या, उघडत नाहीत. तोंड उघडं.

“मागच्यासारखंच आहे,” मॅडम म्हणाल्या.

देवीदास भिंतीला टेकून उभा होता. “पक्का, मॅडम?”

मॅडम त्याच्याकडे वळल्या. “पक्कं.”

हा शब्द त्यांनी मला टाइप करायला सांगितला नाही. पण तो बोलल्या त्या.

वीस आठवड्यांच्या पुढं कायद्यानं गर्भ पाडता येत नसे, त्यामुळे हातात मोजके दिवस होते. चौथ्या दिवशी सुनंदाला एका दवाखान्यात मोकळं केलं. मॅडमनी तिथं आधीच सांगून ठेवलं होतं की बाळाच्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवा. कोणी मागितलं नव्हतं. तो त्यांच्या सहाच्या फोनचाच प्रकार होता.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. मॅडम खिडकीशी डबा खात होत्या. मी फोडून हातात दिलं. त्यांनी वाचलं, चमचा डब्यात ठेवला, पुन्हा वाचलं.

“कातडी चांगली होती,” त्या म्हणाल्या. कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, “मूठ मिटून झोपलं होतं ते. दुसरं काही नाही.”

मी फाडलेलं पाकीट केराच्या डब्यात टाकलं.

“अभनपूरले जायले किती वेळ लागते?”

मला एकदम कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. “काहून सांगता, मॅडम? त्यांना कोण सांगणार आहे? ते समजून राहिले की एका यातनेतून सुटलो. त्यांना तसंच राहू द्या ना. मी हात जोडते.”

“ते समजून राहिले की दोन्ही लेकरं तशीच झाली. तिसऱ्याची हिंमत करणार नाहीत. त्यांले माहीत पाहिजे की एक चांगलं होतं.”

“आणि ते तुम्ही...”

“हो. ते मी मारलं. तेही माहीत पाहिजे.”

रविवारी गेलो. मी सोबत यावं असं त्यांनी म्हटलं नाही, फक्त गाडीचं दार उघडं धरलं. दुकानामागच्या अंगणात सुनंदा खाटेवर कापड पसरून बड्या, म्हणजे वाळवणाचे सांडगे, घालत होती. बोटं उडदाच्या पिठात बुडालेली. आम्हाला बघून सासूनं खुर्ची आणली. मॅडम बसल्या नाहीत.

“तपासणीचा कागद आला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बाळाले काही नव्हतं. कातडी चांगली होती. माहं चुकलं.”

पायरीवर बसलेल्या देवीदासला आधी समजलं. तो उठला, दुकानात गेला, आणि आतून शटर खाली ओढल्याचा आवाज आला. सासू बोलायला लागली. तिनं जे जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. मॅडम ते सगळं उभ्यानं ऐकत राहिल्या, सरकारी ऑफिसात नाव पुकारायची वाट बघतात तसं.

सुनंदा मात्र हातावरचं पीठ बघत होती. मग तिनं विचारलं, “पोट्टा होता का पोट्टी?”

आमच्या सेंटरच्या भिंतीवर मोठी पाटी होती, हे इथं सांगितलं जात नाही म्हणून. मॅडमनी कुणाला, कधी, डोळ्यांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. आता मात्र सांगण्यात कसलाच गुन्हा उरला नव्हता.

“मुलगी,” मॅडम म्हणाल्या.

“नखं आली होती काय तिले?”

“ते रिपोर्टात नाही.”

सुनंदानं मान हलवली आणि पुढची बडी घातली. मला आजही वाटतं, तिथं मॅडमनी ‘हो’ म्हणायला हवं होतं. एवढं एक ‘हो’. कुणाचं काय गेलं असतं?

त्यानंतर मॅडम बदलल्या असं कुणी म्हटलं नसतं. बोलणं तेवढंच तोडून, सहाचे फोन तसेच. पण एका बाईला वीस मिनिटांऐवजी चाळीस लागायला लागली. बघून झालं की पुन्हा एकदा बघायच्या. कधी सांगता सांगता थांबायच्या आणि माझी बोटं कीबोर्डवर तरंगत राहायची. जिन्यात बाया ताटकळायला लागल्या. कुणीतरी दुसरं सेंटर उघडलं, तिकडं गर्दी सरकली.

दीड वर्षानं सुनंदा आली. एकटी, बसनं. पदराखाली पोट दिसत होतं.

मॅडम तिला बघून दारातच म्हणाल्या, “नागपूरले जा. तिथं माह्यापेक्षा मोठे डॉक्टर आहेत.”

“मले नाही जायचं.”

“मी चुकली होती.”

“म्हणूनच आली,” सुनंदा म्हणाली. “चुकल्यावर घरी येऊन सांगते, असं कोण करते, मॅडम? दुसरा कोणी चांगलं म्हणाला तरी मले झोप येणार नाही. तुम्ही म्हणसान ते मी मानीन. घरचे नको म्हणत होते. पण तुम्हीच तर सांगून गेल्या ना, एक चांगलं होतं म्हणून.”

ती बाकावर बसली. साडेदहापासून तीनपर्यंत बसली. तीनला मॅडमनी तिला आत घेतलं.

पुन्हा तोच एकोणिसावा आठवडा. मी खुर्ची जराशी वळवली होती; नऊ वर्षांत पडदा थोडा वाचायला शिकले होते. डोकं, मणका, हृदय, सगळं भराभर झालं. मग हात.

“दोन्ही मुठी...” मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या.

मी थांबले. साखरपाणी झालं, जिना झाला. तास गेला. मुठी होत्या तशाच होत्या. तोंड उघडं होतं. त्या तासाभरात मी ते एकदाही मिटलेलं पाहिलं नाही.

“लिही,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही हात दिसले.”

“बोटं, मॅडम?” टाइप करताना मी पहिल्यांदाच काही विचारलं असेल.

“हात दिसले.”

“आणि तोंड?”

“ओठ फाटका नाही.”

सुनंदा टेबलावरून मान उचलून बघत होती. “पहिल्यासारखं नाही ना काही?”

मॅडम पोटावरचं जेल स्वतः पुसायला लागल्या. हे काम त्या कधी करत नसत. “मले सांगता येत नाही.”

“म्हणजे काही दिसलं नाही?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “दिसलं नाही.”

मी छापून सही घ्यायला कागद पुढं केला. त्यांनी सही केली. मीही काही बोलले नाही. सुनंदा गेली ती जिन्यावरून मोबाईलवर बोलत गेली, “हव हव, सब ठीक आहे,” असं नवऱ्याला सांगत.

कायद्याची वीस आठवड्यांची मुदत उलटून गेली.

सातव्या महिन्यात ती आली तेव्हा बघायला तास लागला नाही. ओठ, उलटलेल्या पापण्या, नाक चपटं, पाण्यात तरंगणारे कण. पुस्तकातलं पानच. मॅडम आपल्या जुन्या आवाजात, तिच्याकडे पाठ करून, एकेक गोष्ट सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले.

“हाच आजार,” त्या शेवटी म्हणाल्या.

“आता?” सुनंदानं विचारलं.

“आता काही नाही. आता जन्म द्यायचा.”

बाळ पाच दिवस जगलं. मुलगा होता. या वेळी सुनंदानं दाखवा म्हणून हट्ट केला, आणि बघून पदरात घेतलं. हात लावला की भेगांतून रक्त यायचं, म्हणून ती तळहात न टेकवता बोटांच्या टोकांनी व्हॅसलिन लावायची, असं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. रडायला तोंड मिटत-उघडत नव्हतं. आवाज नुसता घशातून यायचा. सासू दारापर्यंत आली आणि परत गेली. सहाला मॅडमनी फोन लावला, “काय निघालं?” विचारलं, ऐकलं, आणि फोन ठेवला. पाचही दिवस सहाला लावला.

पुढं चार महिन्यांत त्यांनी सेंटर बंद केलं. खांदा साथ देत नाही असं कारण सांगितलं. नवरा रेल्वेतून निवृत्त झाला आणि दोघं अकोल्याला गेली. जाताना मला तो जाड ग्रंथ देऊ केला; मी घेतला नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे टाइप करायला लागले. तिथं सगळ्यांना ‘घाबरू नका’ म्हणतात.

पण माझ्या डोळ्यांपुढं मॅडम शेवटच्या अशा आहेत.

बाळ जाऊन महिना झाला असेल. सुनंदा आणि देवीदास आले. वेळ घेतलेली नव्हती. सुनंदानं डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती फार बारीक झाली होती.

“ऑपरेशन करून आली, मॅडम,” ती म्हणाली. “आता नको. पण माह्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, हे सांगायले आलो.”

देवीदास हिंदीत म्हणाला, “पहले मैंने गुस्सा किया था. माफ करना.”

“तुम्ही कधी खोटं बोलल्या नाही,” सुनंदा म्हणाली. “चुकल्या तर घरी येऊन चुकली म्हणाल्या. या वेळी दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणाल्या. दुसऱ्या कोणी पैसे घेऊन काहीही सांगितलं असतं.”

मी कॉम्प्युटरवरचे हात मांडीवर घेतले. आता सांगतील, मला वाटलं. आता त्या उभ्या राहतील आणि अभनपूरच्या अंगणात म्हणाल्या होत्या तसं म्हणतील. तेव्हा सांगू नका म्हणून हात जोडणारी मी, त्या क्षणी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते, बोला, बोला म्हणून. मॅडमचे ओठ उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ‘काय टाइप करू?’ असं मी विचारावं तसं. मी नजर खाली घेतली.

सुनंदा पाया पडायला वाकली. मॅडमनी दोन्ही पाय झटक्यात खुर्चीखाली ओढून घेतले, अगदी खुर्चीच्या मागच्या दांड्यापर्यंत. सुनंदाचा हात पुढं आला, पायांपर्यंत पोचला नाही. तिनं ते पाय आधी जिथं होते तिथल्या फरशीला हात लावला, कपाळाला लावला, आणि उठली.

मॅडम तशाच बसल्या होत्या. स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर आलेले दोन्ही हात खुर्चीची कड धरून.